कच्चेपणाचे कौतुक पुरे

बँडचा आवाज जितका खरखरीत तितका तो सच्चा, अशी एक समजूत रॉक संगीतावर लिहिणाऱ्यांमध्ये पक्की रुजली आहे. तिच्या पुष्ट्यर्थ ‘निर्वाणा’च्या ‘इन यूटेरो’ (१९९३) या अल्बमची कथा हमखास सांगितली जाते : ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) अफाट खपला, त्याच्या गुळगुळीतपणाचा कर्ट कोबेनला उबग आला, त्याने स्टीव्ह अल्बिनीला गाठले आणि बाजाराला नकार देणारा ‘कच्चा’ आवाज जन्मला. कथा सुबक आहे. तिचा सुबकपणाच आम्हांला संशयास्पद वाटतो.

फेब्रुवारी १९९३मध्ये मिनेसोटातील पॅकिडर्म स्टुडिओत सुमारे दोन आठवड्यांत काम आटोपले, हे खरे. परंतु ड्रम्सभोवती मायक्रोफोनांचे जाळे उभारून खोलीची गुंज टिपणे, गायकाचा आवाज वाद्यांच्या गदारोळात किंचित मागे ठेवणे, हे सारे जाणतेपणी घेतलेले निर्णय होते. ‘डम्ब’मध्ये तर चेलो वाजतो!

पुढे ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ यांचे मिश्रण स्कॉट लिट यांच्याकडून नव्याने करवून घेतले गेले. याला शुद्धतेचा पराभव म्हणणारे विसरतात की, कंपनी नाराज होती हे जितके खरे, तितकेच शब्द आणि बेस नीट ऐकू येत नाहीत ही खुद्द बँडची तक्रार होती, हेही खरे. श्रोत्याला आपले गाणे ऐकू यावे असे वाटणे ही तडजोड असेल, तर कवीने मुद्रिते तपासणे हीही तडजोडच. शिवाय बाजाराला नाकारणारा हा अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. सचोटी शोधायचीच, तर ती अल्बिनीने रॉयल्टी नाकारून ठरावीक मेहनतानाच घेतला, या व्यवहारात सापडेल. खरखरीत गिटारमध्ये ती शोधणे भाबडेपणाचे आहे.

मराठीच्या वर्गांतही हाच घोटाळा चालतो. ‘गोलपिठा’ (१९७२) शिकवताना ‘रांगडी’, ‘अस्सल’, ‘थेट’ ही विशेषणे फळ्यावर लिहिली की विवेचन संपते. नामदेव ढसाळांच्या प्रतिमांची जुळणी, भाषेच्या अनेक थरांची मिसळण, ओळींची लय यांकडे वळण्याचे कारणच उरत नाही. ‘कच्चा’ म्हणण्यात गौरव केल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात कवीच्या हातून त्याची कारागिरीच काढून घेतली जाते. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांच्या बाबतीत ही चूक निरुपद्रवी राहत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उत्तरपत्रिकेत ‘अस्सल’ हा शब्द आला, की शिक्षकाने समासात एवढेच लिहावे : हे घडवले कसे?