तुरीचे गणित पावसाच्या वेळेवर

तूरडाळीचे भाव चढले, की शहरात प्रथम बोट दाखविले जाते ते साठेबाज व्यापाऱ्याकडे. ते सर्वस्वी चुकीचे नसले, तरी खरे कारण बहुधा काही महिने आधीच मराठवाडा-विदर्भाच्या शिवारात घडून गेलेले असते. जून-जुलैत पेरलेली तूर हाती येते डिसेंबर-जानेवारीत. सोबतचे सोयाबीन निघून गेले, तरी ती शेतात उभीच. साहजिकच पावसाची प्रत्येक लहर तिला झेलावी लागते.

तुरीचे सोटमूळ खोल जाते. त्यामुळे पावसाचा खंड ती बऱ्यापैकी सोसते. सोसवत नाही ते साचलेले पाणी. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. परंतु चिबडलेल्या काळ्या जमिनीत हवाच उरत नाही. गाठी निकामी होतात, पाने पिवळी पडतात, बुरशीजन्य रोगांचे फावते. पाऊस अधिक तर पीक अधिक, हा भाताचा हिशेब येथे चालत नाही. दुसरा धोका फुलोऱ्यातला. त्या वेळी आभाळ भरून राहिले किंवा अवकाळी सरी आल्या, तर फुलगळ होते आणि शेंगा पोखरणारी अळी वाढते. उलट, सप्टेंबरनंतर पावसाने पाठ फिरविली, की हलक्या रानात शेंगा भरत नाहीत. 'सरासरी गाठली' या दिलाशाला तूर उत्पादकाच्या लेखी म्हणूनच फारसा अर्थ नाही.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन २५ लाख टनांच्या आसपास राहिले आणि डाळ काही शहरांत किलोला २०० रुपयांवर गेली. पुढल्या हंगामात पाऊस चांगला झाला, चढ्या भावाने पेराही वाढला आणि उत्पादन ४८ लाख टनांपलीकडे पोहोचले. तेव्हा २०१७ मध्ये बाजारभाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरले व राज्यातील खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. मधल्या काळात, २०१६ मध्ये, सरकारने मोझांबिकशी डाळ आयातीचा करार केला होता!

आयातीची ही तत्परता शेतातील उपायांच्या वाट्याला क्वचितच येते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने 'बीडीएन ७११' हे लवकर येणारे वाण दिले. पाऊस लवकर संपला, तरी ते बऱ्याच अंशी तग धरते. रुंद वरंबा-सरीवरील पेरणीने जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंडाच्या काळात ओल टिकते. त्यासाठी लागणारे पेरणीयंत्र पेरणीच्या चार दिवसांत, वाफसा असताना गावात उपलब्ध असावे लागते.