ढेप, गाय आणि वाकडे प्रथिन

वाशीम जिल्ह्यातील गोठ्यात गाईपुढे काय असते? ज्वारीचा कडबा, तुरीचे कुटार, आणि दुभती असेल तर सरकीची ढेप. इंग्लंडमध्ये मात्र दुभत्या गाईंना स्वस्त प्रथिन म्हणून मेलेल्या गुरामेंढरांच्या मांसाची व हाडांची भुकटी चारली जात असे. भुकटी शिजवून केलेली, म्हणून ती निर्धोक समजली गेली. १९८६ मध्ये तेथे गाईंचा एक नवाच मेंदूरोग ओळखला गेला. पुढे ब्रिटनमध्ये सुमारे १ लाख ८० हजार गुरांत तो सिद्ध झाला, आणि त्याच्या मानवी रूपाने तेथे १७८ माणसे दगावली.

शिजवूनही रोग उरला, कारण त्यात जंतू नव्हताच. होते ते नुसते प्रथिन : प्रायॉन. गंमत अशी की, हे प्रथिन निरोगी गाईच्या आणि आपल्याही मज्जापेशींवर असतेच. अमिनो आम्लांचा क्रम तोच; फरक फक्त घडीचा. निरोगी रेणूत मळसूत्री वळणे अधिक असतात, रोगट रेणूत सपाट पट्ट्या. रोगट रेणू निरोगी रेणूला भिडला, की त्यालाही आपल्यासारखी घडी घ्यायला लावतो. असे रेणू एकावर एक रचले जाऊन त्यांचे तंतू होतात; तंतू तुटला, की प्रत्येक तुकडा नवा साचा बनतो. मज्जापेशी मरतात, मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो. साध्या उकळण्याने ही घट्ट रचना मोडत नाही.

स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हा विचार मांडला, तेव्हा पुष्कळांना तो पटला नाही. १९९३ मध्ये झुरिचच्या शास्त्रज्ञांनी हे प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांना रोगट द्रव्य टोचले. त्यांना रोग झाला नाही. १९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपण वर्गात 'उकळले की जंतू मरतात' एवढे सांगून थांबतो. हा अपवाद नववी-दहावीत शिकवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाईंचा हा रोग भारतात नोंदलेला नाही. त्याचे श्रेय काही जण आपल्या गाईच्या वाणाला देतात; ते मला पटत नाही. तिच्या मज्जापेशींवरही हेच प्रथिन आहे. भारतातील माणसांतही क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा प्रायॉनरोग आढळतोच. श्रेय द्यायचेच, तर ते आधी ढेपेला आणि कुटाराला द्यावे. पण ढेप महागली आणि कोणी स्वस्त प्रथिनखाद्याचे पोते गोठ्यात आणून टाकले, तर त्यातले प्रथिन कशाचे, हे कोण विचारणार? घरात दहावीला असलेली मुलगी विचारू शकेल, तिला कोणी हे शिकवले असेल तर.