भाड्याचं घर, आपलं सामान

परवा लेकीचा फोन. "बाबा, घरातल्या सामानाचा विमा काढा." मी हसलो. कुंभिवलीतलं हे घर भाड्याचं. भिंती, छप्पर मालकाचं. माझं आहेच काय?

तरी वही घेऊन यादी केली. फ्रीज, टीव्ही, कपाटं, पलंग, भांडीकुंडी. आजच्या भावाने बेरीज दीड लाखावर गेली! पेन्शनीतून हे पुन्हा कधी उभं राहणार?

२०२१ च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी मिळते. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. आग, वादळ, पूर, दरड, सगळं त्यात येतं. आपल्याच खालापूर तालुक्यातली २०२३ ची इर्शाळवाडी कोण विसरेल?

एक मात्र नीट वाचा. साधी घरफोडी यात धरत नाहीत; अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. दागिन्यांचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो.

माझं मत, ज्याला सामान पुन्हा घेणं सहज परवडतं त्याने विचार सोडावा. माझ्यासारख्याने काढावा. हप्ता वर्षाच्या वर्तमानपत्राच्या बिलाहून कमीच निघाला. जुनी पुस्तकं विम्याने परत येणार नाहीत, पण लेकीपुढे हात तरी पसरावा लागणार नाही.

यादीची एक प्रत तिच्याकडे धाडली आहे. घराबरोबर यादीही वाहून गेली तर काय उपयोग!