चाचणीच्या दिवशी गैरहजर

४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' घेण्यात आले. निवडलेल्या शाळांमधील तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांना भाषा, गणित इत्यादी विषयांत कितपत येते, हे त्या एका दिवशी मोजले गेले. त्यापूर्वीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले आणि त्याच्याही आधीचे १३ नोव्हेंबर २०१७ रोजी. दिल्लीत बसून दिनदर्शिका पाहणाऱ्याला या तारखांत खोट काढता येणार नाही. पाऊस सरलेला, दिवाळी आटोपलेली, अभ्यासाचे काही महिने पदरात पडलेले. परंतु शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागांतील प्राथमिक शिक्षकाला याच तारखा वाचून निराळी आठवण होईल. त्याच्या गावात हे दिवस घरांना कुलपे लागण्याचे असतात.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी काही लाख माणसे ऊसतोडीला जातात, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. इतके ठाऊक आहे की त्याचे आता कोणाला काही वाटेनासे झाले आहे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची टोळी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ती टोळी संसार ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागते. ज्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत, किंवा ज्या गावात हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले आहे, तेथील मुले मागे राहतात. बाकीची आईबापांबरोबर कोपीवर जातात. तेथे थोरल्या मुलीने धाकट्याला सांभाळावयाचे, पाणी आणावयाचे, वाढ्याच्या मोळ्या बांधावयाच्या. परत केव्हा यावयाचे हे शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून नसते. कारखान्याचे गाळप संपेल तेव्हा टोळी सुटते. २०२१-२२ चा हंगाम मराठवाड्यात थेट जून २०२२ पर्यंत लांबला होता. म्हणजे त्या वर्षी काही मुलांनी नोव्हेंबरची चाचणी पाहिली नाही, एप्रिलचीही पाहिली नाही आणि नवे शैक्षणिक वर्ष उंबरठ्यावर आले तेव्हा ती गावात उतरली.

आता या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. सर्वेक्षणाच्या नमुन्यात मूल यावयाचे तर ते त्या दिवशी वर्गात हजर हवे. जे हजर नाही त्याचे गुण शून्य धरले जात नाहीत. ते हिशेबातूनच गळते. केवळ समजुतीसाठी एक कल्पित वर्ग घेऊ. तिसरीच्या पटावर वीस मुले आहेत. आठ फडावर गेली, बारा राहिली. राहिलेल्या बारांपैकी नऊ जणांना परिच्छेद वाचता येतो, म्हणून वर्गाचा निकाल शेकडा ७५. गेलेल्या आठांपैकी दोघांनाच वाचता येत असेल, तर खऱ्या वर्गाचा निकाल शेकडा ५५ होतो. हा वीस टक्क्यांचा फरक कोणत्याही अध्यापनाने घडवलेला नाही. तो ट्रकने घडवला. या व्यवहारात कोणीही खोटे बोललेले नसते, हे त्यातील विशेष. निरीक्षकाने प्रामाणिकपणे चाचणी घेतली, शिक्षकाने कॉपी करू दिली नाही, संगणकाने बेरीज बरोबर केली. तरीही उत्तर चुकले.

यातून आणखी एक विचित्र प्रकार संभवतो. समजा, एखाद्या वर्षी जिल्हा प्रशासनाने मनापासून काम केले, वसतिगृहे वेळेवर उघडली, अधिक मुले गावात ठेवली. ती मुले चाचणीला बसतील, आणि आजवर मागे पडल्यामुळे वर्गाची सरासरी बहुधा खाली आणतील. २०२१ च्या सर्वेक्षणाची जिल्हावार प्रगतिपत्रके निघाली होती. अशा प्रगतिपत्रकांवरून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना होऊ लागली, की ज्याने अधिक मुले शाळेत राखली तोच मागासलेला ठरण्याचा धोका निर्माण होतो.

शाळेवर विसंबून न राहता घरोघर जाऊन मुलांची परीक्षा घेणारे एक सर्वेक्षण आपल्याकडे आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणारा 'असर' अहवाल हे ते सर्वेक्षण. मुलाला समोर बसवून, त्याच्या हाती मजकुराचा कागद देऊन वाचावयास लावावे, ही त्याची रीत लहान मुलांच्या बाबतीत लेखी प्रश्नपत्रिकेपेक्षा कितीतरी सरळ आहे. देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये शेकडा २०.५ होती आणि २०२४ मध्ये २७.१ झाली, हे आपल्याला त्या अहवालामुळे कळले. परंतु कुलूप असलेल्या घराचे दार तेही वाजवू शकत नाहीत. कार्यकर्ता पुढच्या घरी जातो. बीडच्या तांड्यावरील कुलूप म्हणजे अपवाद नव्हे, तोच तेथील हंगाम आहे.

राज्याच्या चाचण्यांचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. अलीकडच्या वर्षांत तिसरीपासून पुढच्या इयत्तांसाठी भाषा, गणित व इंग्रजी यांच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या. पायाभूत चाचणी जुलै-ऑगस्टात, पहिली संकलित ऑक्टोबरअखेरीस, दुसरी एप्रिलमध्ये. पायाभूत चाचणीच्या वेळी ऊसतोड कामगाराचे मूल वर्गात असते. पुढील दोन्ही वेळी ते असेलच असे नाही. त्यामुळे त्याने कोठून सुरुवात केली याची नोंद होते, कोठवर पोचले याची होत नाही. शिवाय ते फडाजवळच्या ज्या शाळेत जाऊन बसते (बसलेच तर), तेथील शिक्षकाच्या हाती त्याची पायाभूत चाचणी असावी, यासाठी शिक्षण हमी पत्रकाची योजना आहे. ते पत्रक मुलाबरोबर ट्रकमध्ये चढते का, आणि उतरल्यावर कोणी मागते का, हे शिक्षक-वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे. मूल कर्नाटकात गेले आणि जवळची शाळा कानडी माध्यमाची असली, तर पत्रकातील मराठी शेरे वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच.

याला लेखी चाचण्यांचा अतिरेक कारणीभूत आहे, त्या बंद करा म्हणजे झाले, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, त्याने पहिली ते चौथी हा एकच सलग, वर्गविरहित टप्पा मानावा असे सुचवले होते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हाही पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलित चाचणीला ३० टक्के भार दिला गेला. विचार योग्यच होता. पण सातत्यपूर्ण मूल्यमापनाला सातत्याने हजर मूल लागते. सहा महिने नसलेल्या मुलाच्या नोंदवहीत रकाने मात्र भरावे लागतात, आणि ते कसे भरले जातात हे शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको. चाचणी नकोच असे म्हटल्याने या मुलाचा फायदा होत नाही. उलट, ते वाचावयास न शिकता पाचवीपर्यंत गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि पाचवीत आता दार अडवलेले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिला अनुसरून महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. नापास झालेल्याला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी, आणि तीही हुकली तर त्याच वर्गात पुन्हा वर्ष. शहरातील मुलाला ही संधी म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीतील शिकवणी. फडावरून परतलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला ती काय असेल? जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळले. मुलगी नापास झाली म्हणजे शाळेत तिचे काही खरे नाही, असे म्हणावयास घरच्यांना एक कागद मिळतो. पहिली चार वर्षे मोजमापातून वगळलेल्या मुलीला पाचव्या वर्षी त्याच मोजमापाने नापास करणे, याला न्याय म्हणता येत नाही.

मोजमापाचा संबंध शिक्षकाच्या प्रतिष्ठेशी जोडला की काय होते, याचा दाखला जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांची हजेरी आणि निरीक्षकासमोरचे वाचन, लेखन, गणित यांच्यावर ठरू लागले. शिक्षकांनी तेवढेच घोकून घेतले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड याने त्या पद्धतीला विरोध केला, आणि शतक संपता संपता ती मोडीत निघाली. आपल्याकडे वेतन अद्याप गुणांवर ठरत नाही, हे नशीब. पण शाळेचा आकडा तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर दाखवला जाऊ लागला, म्हणजे पटावरचे कच्चे मूल चाचणीच्या दिवशी न आलेलेच बरे, असा विचार चांगल्या शिक्षकाच्याही मनात डोकावणे अशक्य नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तोच विवेक परीक्षेला लावावयास हरकत नसावी. ऊसतोडीच्या गावांत पहिली चाचणी टोळ्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात घ्यावी, दुसरी त्या परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात. मग तो पंधरवडा एप्रिलमध्ये येवो वा जूनमध्ये. तिसरीपर्यंतच्या मुलांची चाचणी तोंडी असावी, एकेकाला जवळ बसवून. 'निपुण भारत'चे २०२६-२७ पर्यंतचे उद्दिष्टच मुळी तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधी आकडेमोड करता यावी, असे आहे. आणि ते वाचून घेतल्याशिवाय कळत नाही. जाणाऱ्या मुलाच्या पत्रकावर गुण लिहू नयेत. त्याला काय वाचता येते आणि पुढे काय शिकवावयाचे आहे, एवढे दोन ओळींत लिहावे. आणि कोणताही निकाल जाहीर करताना त्याच्या शेजारी दोन आकडे छापण्याचे बंधन असावे: पटावर किती, चाचणीला किती.

राष्ट्रीय सर्वेक्षणाची तारीख बदलणे बीडच्या हाती नाही. बाकीचे बरेचसे आहे. वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या याद्या शाळांना तयार कराव्याच लागतात. त्या यादीला एक रकाना जोडावयाचा आहे, 'जाताना काय वाचता येत होते', आणि परतीच्या दिवसासाठी त्याच्या शेजारी दुसरा रकाना मोकळा सोडावयाचा आहे.