दुरुस्ती कोणी करायची?

मध्यंतरी कार्यालयीन कामानिमित्त तिरुपूरला जाणे झाले. होजिअरीच्या या शहरात मोठ्या निर्यातदारांच्या आडोशाने असंख्य लहान कारखाने उभे आहेत. त्यांपैकी एका कारखानदारांकडे तासभर बसलो. मुक्तस्रोत संगणकप्रणालीवर धंदा चालवणारा लहान उद्योजक क्वचितच भेटतो, त्यामुळे कुतूहल होते.

त्यांची गरज अगदी स्थानिक होती. सूत विकत घ्यायचे, ते विणाईसाठी एकाकडे, तयार कापड रंगाईसाठी दुसऱ्याकडे, पुढे कॉम्पॅक्टिंगसाठी तिसऱ्याकडे पाठवायचे. वाटेत वजन घटते, आणि ही घट रंगछटेनुसार बदलते. घट खरी की कुणी माल लांबवला, हे कळायचे तर प्रत्येक रंगाईवाल्याचा छटावार हिशेब हवा. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि व्याजासह कर भरावा लागतो. बाजारातील तयार प्रणालीत हे त्यांना हवे तसे मिळेना. अखेर त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका अभियांत्रिकी पदवीधर मुलाने मुक्तस्रोत प्रणालीत तीन नव्या स्क्रीन जोडून दिल्या. पहिल्याच हंगामात दोन रंगाईवाल्यांशी असलेला व्यवहार बंद झाला!

गरजेचे ज्ञान वापरणाऱ्याजवळ असते आणि ते उत्पादकापर्यंत पोहोचवणे खर्चिक असते, म्हणून पुष्कळशी नवनिर्मिती वापरणाराच करतो, असे एरिक फॉन हिप्पेल यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथापासून सातत्याने मांडले आहे. त्या तीन स्क्रीन पाहताना मला हा सिद्धांत आठवला. पण तो केवळ मुक्तस्रोताच्या बाजूने साक्ष देतो असे मात्र नाही. १९८६ साली सुरू झालेल्या टॅलीचा उगमही असाच आहे. कापडगिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनाजोगी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ती लिहिली. खात्यांचे सांकेतिक क्रमांक पाठ करण्यातून हिशेबनिसाची सुटका झाली, ही काही लहान गोष्ट नव्हे. ती प्रणाली विकली गेली, म्हणून तिची निगा राखणारी माणसे पगारावर ठेवता आली.

तिरुपूरचा तो मुलगा पुढे बंगळुरूला गेला. त्यानंतर ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दर बदलले. पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के व त्यावरील कपड्यांवर १२ टक्के कर होता. आता मर्यादा २५०० रुपये झाली आणि तिच्यावर १८ टक्के. निर्णयाचे मी स्वागतच करतो. परंतु अधिसूचना निघाली १७ सप्टेंबरला आणि अंमल सुरू झाला २२ पासून. मुलाच्या आज्ञावलीत ‘१०००’ हा आकडा जागोजागी लिहिलेला होता. शेजाऱ्याच्या विकतच्या प्रणालीत नवे दर आले, आणि आमचे कारखानदार तीन आठवडे हाताने बिले लिहीत बसले.

हा सुधारलेला भाग मूळ प्रकल्पाकडे परत का पाठवला नाही, असे मी विचारले. ते हसले. कोणता रंगाईवाला किती खातो हे शेजाऱ्याला कशाला कळू द्यायचे? आकडे न देता नुसती आज्ञावली देता येते, हे मी सांगून पाहिले. ते त्यांना पटले नाही. परवान्याचीही सक्ती नाही. स्वतःच्या घरात वापरलेला बदल जाहीर करावा लागत नाही. मुक्तस्रोत अशा रीतीने एका खोलीत बंदिस्त झाला. तो परत गेला असता, तर कदाचित आणखी चार जणांनी त्याची निगा राखली असती.

असो. दोष एकट्या त्यांचा नाही. केंद्र शासनाने २०१५ साली मुक्तस्रोताच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, ते शासनाच्या स्वतःच्या प्रणालींपुरते. लहान उद्योजकाशी आमचा संबंध येतो तो नियमांतून, आणि नियम आम्ही राजपत्रातील गद्यात लिहितो. ते वाचून आज्ञावलीत उतरवणारी माणसे मोठ्या कंपनीकडे असतात; पाच दिवस त्यांना पुरतात. एचएसएन क्रमांक, दर, मूल्यमर्यादा व अंमलाची तारीख असलेला तक्ता यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात अधिसूचनेसोबतच निघाला असता, तर आज्ञावलीत आकडे कोंबण्याची वेळ त्या मुलावर आली नसती.

यावर माझे सहकारी म्हणतात, कायदा शब्दांत असतो. तक्ता आणि मजकूर यांत तफावत निघाली की खटले उभे राहतील. आक्षेप रास्त आहे. मजकूरच श्रेष्ठ मानावा, पण तक्त्यावर विसंबून सद्भावनेने बिल करणाऱ्यास दंड नसावा, एवढी तरतूद करणे काही अवघड नाही.

निघताना कारखानदारांनी विचारले, तिरुपुरात राहून ती प्रणाली सांभाळेल असा कुणी माहितीचा आहे का? माझ्याकडे नाव नव्हते.