निळ्या झाकणाची नळी

घोळणा वारंवार फुटतो, दात काढल्यावर रात्रभर रक्त ओघळतं, रांगतं मूल पडलं की गुडघा टम्म सुजतो. पाथरीसारख्या गावांत अशी दुखणी ‘उष्णता’ म्हणून अंगावर काढू नयेत. त्यांमागे हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रांड हे रक्त नीट न गोठण्याचे आजार असू शकतात.

सुरुवातीच्या तपासण्या साध्या आहेत : प्लेटलेट आणि रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी, एपीटीटी. केवळ एपीटीटी लांबली, तर फॅक्टर ८ आणि ९ हे रक्त गोठवणारे घटक तपासायला हवेत. व्हॉन विलेब्रांडमध्ये मात्र एपीटीटी नॉर्मलही येते. लक्षणं असतील तर त्याची वेगळी तपासणी हवीच.

रक्त निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंतच घ्यावं : ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट. नळी अर्धवट भरली किंवा एपीटीटीला ४ तासांहून अधिक उशीर झाला, तर निकालावर विसंबता येत नाही. म्हणूनच प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पुढे पाठवण्याची सोय तालुक्यातच हवी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. पण निदानच नसेल तर हक्क मागणार कशाच्या आधारावर? १७ एप्रिलच्या जागतिक हिमोफिलिया दिनी भाषणांऐवजी ही सोय उभी करा, एवढीच आमची मागणी आहे.