फळी मोडली म्हणून होडी मोडीत?

आमच्या क्लबच्या आवारात एक होडी गेले दोन पावसाळे पालथी पडून आहे. क्लब कुठला ते सांगत नाही. नाव घेतलं तर पुढच्या बैठकीत होडीचा विषय बाजूला राहील आणि माझाच विषय निघेल. होडी एंटरप्राइज जातीची, निळ्या शिडांची, दोघांनी मिळून हाकायची. बुडाला भोक नाही, डोलकाठी शाबूत आहे, शिडं जुनी असली तरी अजून वारा धरतात. मोडली आहे ती एकच फळी, सेंटरबोर्ड नावाची. त्या एका फळीपायी समितीने इतिवृत्तात लिहून ठेवलंय : 'नवीन सेंटरबोर्ड मागवण्यात यावा. तोवर होडी वापरू नये.'

तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते इतिवृत्तात नाही. आधी परदेशातून किंमत मागवली. ती येईपर्यंत पौंडाचा भाव वर गेला म्हणून पुन्हा मागवली. मग लक्षात आलं की फळीपेक्षा तिचं भाडं आणि कस्टम्सच जास्त होतंय. मग 'एखादा प्रायोजक बघूया' असं ठरलं. प्रायोजक अजून बघताहेत...

त्याआधी दर रविवारी शेजारच्या वाड्यावरची सात-आठ पोरं या होडीवर शिकायला यायची. खारव्यांची पोरं. घरात होडी आहे, पण ती इंजिनावर चालते. शीड त्यांच्या आज्याने हाताळलं असेल, बापाने नाही. वारा कुठून येतोय हे मान न वळवता सांगायला त्यांना चार रविवार पुरले होते. आता ती येत नाहीत. त्यातले दोघे किनाऱ्यावर पर्यटकांना पॅराशूटला बांधायच्या कामाला लागलेत. काम वाईट नाही, पैसे मिळतात. पण होडी चालू असती तर रविवार तरी त्यांचा राहिला असता.

माझं म्हणणं सरळ आहे. ही फळी दुरुस्त होते. इथे होते, आपल्या हातांनी होते, आणि लाकूड सुकलेलं असेल तर आठवड्याभरात होते. ती दुरुस्त न करण्याला समिती 'खबरदारी' म्हणते. मला तो आळस वाटतो.

ज्यांना होडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाऱ्याच्या ओघात तर रिकामं पिंपसुद्धा जाईल. शिडाच्या होडीचं कौतुक असतं ते वाऱ्याच्या अंगावर तिरकं जाण्यात. तेव्हा वारा शिडाला जेवढा पुढे ढकलतो त्याहून जास्त आडवा ढकलतो. ते आडवं वाहून जाणं थांबवायला होडीच्या मधोमध एक उभी पेटी असते आणि तिच्या खाचेतून ही फळी खाली पाण्यात उतरते. काठाला लागताना ती वर ओढून घेता येते, म्हणून उथळ पाण्यात सोयीची. फळी नसेल तर होडी खेकड्यासारखी बाजूला सरकत जाते. आपल्या पातमारीला अशी फळी लागत नव्हती, कारण तिची पाण्याखालची बांधणीच खोल होती.

आता ती मोडली कशी? होडी उलटली की या फळीवर चढून, अंगाचा भार देऊन ती सरळ करतात. चढणाऱ्याने होडीच्या बुडाला चिकटून उभं राहायचं असतं, कारण टोकाकडे जावं तसा खाचेच्या तोंडाशी ताण वाढत जातो. आमच्याकडे एक वजनदार सद्गृहस्थ थेट टोकाला जाऊन उभे राहिले. फळी खाचेच्या तोंडाशीच कडाडली. यात फळीचा दोष काय? (सद्गृहस्थ समितीवर आहेत. पुढे लिहीत नाही.)

समितीचा पहिला आक्षेप : सांधलेली फळी भर पाण्यात दगा देईल. हा एकच आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण होडीत पोरं बसणार आहेत. दोन तुकडे टोकाला टोक लावून डकवले तर ती फळी दगा देईलच, त्याबद्दल वाद नाही. पण असा सांधा कुठलाही शहाणा सुतार करत नाही. दोन्ही तुकड्यांना लांब तिरकस उतार देऊन ते एकमेकांवर बसवायचे असतात. जाडीच्या निदान आठपट उतार धरायचा. फळी २० मिलिमीटर जाड असेल तर उतार १६० मिलिमीटरचा. म्हणजे डिंक धरायला केवढी जागा मिळते बघा. उतार देताना लांबी कमी होते, म्हणून खालचा भाग नव्या लाकडाचा घ्यायचा आणि सांधा शक्य तेवढा वर, पेटीच्या आत जाईल असा ठेवायचा, म्हणजे सगळ्यात जास्त ताणाची जागा अखंड लाकडावर येते. तुटलेला तुकडा मात्र फेकायचा नाही, आकाराचा नमुना तोच.

डिंक इपॉक्सीचा. पाच मिनिटांत घट्ट होणारा नव्हे, सावकाश सुकणारा. बोटींच्या दुकानात स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन गळ्यात मारतात, ते लाकडाला नीट धरत नाही, दोन मोसमांत पापुद्रा सुटतो. वरून दोन्ही अंगांना काचेच्या कापडाचा थर द्यायचा, पण आधी तेवढं लाकूड रंधून कमी करायचं. नाहीतर फळी इतकी छान मजबूत होते की खाचेत जातच नाही! (स्वानुभव. हसू नका.) आपल्या हवेत इपॉक्सी एकदम जास्त कालवू नये, डब्यात ढीग राहिला की तापून धूर निघायला लागतो. थोडं थोडं कालवावं आणि पसरट ताटलीत घ्यावं.

एवढ्यावरही विश्वास बसत नसेल तर जमिनीवर परीक्षा घ्या. फळीचा वरचा भाग जड टेबलाला क्लॅम्पने आवळा आणि बाहेर आलेल्या भागावर समितीच्या सभासदांनी एकेक करून उभं राहावं. मी स्वतः पहिला उभा राहतो. पाण्यात मोडण्यापेक्षा तिथे मोडलेली बरी.

दुसरा आक्षेप नियमांचा. काही जातींच्या होड्यांत तो खराही आहे. लेझर होडीचे सुटे भाग मान्यताप्राप्त कारखान्यातलेच लागतात, घरी केलेली फळी शर्यतीत चालत नाही. पण आपण बोलतोय एंटरप्राइजबद्दल, आणि तेही रविवारी पोरांना शिकवण्याबद्दल. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ मध्ये ही होडी काढली तीच प्लायवूडमधून, साध्या माणसाने घरी बांधावी म्हणून. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि बॅरी बकनेलने मिरर नावाची आणखी लहान होडी काढली. तिच्या प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि शिवणीवर काचेची पट्टी व रेझिन लावायचं. होड्या बांधण्याचा काडीचाही अनुभव नसलेल्या हजारो लोकांनी ती आपल्या गॅरेजमध्ये बांधली. ज्या माणसाने आख्खी होडी घरी करा म्हणून सांगितलं, त्याच्या होडीची एक फळी आम्ही साता समुद्रापलीकडून मागवणार. धन्य!

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबला. एक सभासद म्हणाले, 'आजकाल असं काम करणारं कोण राहिलंय?' म्हणजे राहिलं नाही असं गृहीत धरून त्यांनी शोधलंच नव्हतं. मी शोधलं. आमच्या गावात एक मेस्त आहेत, सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी लाकडी होड्या केल्या, मग फायबरच्या होड्या आल्या तशी दारं-खिडक्या करू लागले, आता देवळाच्या मखरापुरते हात चालवतात. त्यांना आवारात घेऊन गेलो. त्यांनी फळी उचलली, बोटाच्या पेराने ठोकत ठोकत कान लावला, खिशातला टोचा दोन-चार ठिकाणी रुतवून पाहिला आणि म्हणाले, "भाई, हें लांकूड अजून जितें आसा."

इपॉक्सीबद्दल आमचं थोडं वाजलं. ते म्हणाले, क्लॅम्प कचकचून आवळायचा. मी म्हटलं, तसं केलं तर डिंक सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो, हा डिंक हलक्या दाबावर धरतो. त्यांना पटलं नाही. शेवटी दोन पट्ट्या सांधून बघू आणि मोडून बघू यावर तडजोड झाली. त्यांनी मात्र मला एक गोष्ट शिकवली जी मी कुठल्या पुस्तकात शोधली नसती. मला नवा तुकडा मरीन प्लायचा घालायचा होता. ते म्हणाले, प्लायचे अर्धे थर आडव्या रेषांचे, ते वाकताना काय कामाचे? सागवानाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून फळी करा, शेजारच्या पट्टीच्या रेषा उलट दिशेला ठेवा, म्हणजे पीळ पडणार नाही. बरोबर आहे. फक्त सागवान तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं, हे त्यांना माझ्याकडून.

सगळंच दुरुस्त करत बसावं असा माझा हट्ट नाही. टोचा लोण्यात जावा तसा लाकडात गेला, प्लायचे थर सुटून पुस्तकासारखे उघडले, किंवा फळी ज्या बोल्टवर फिरते त्या भोकातूनच चीर गेली असेल, तर ती फळी चुलीत घालावी आणि नवी करावी. करावी म्हणतोय, मागवावी नाही. त्यासाठी प्लाय आणायचाच तर त्यावर आयएस ७१० चा शिक्का पाहून घ्या. दुकानदार आयएस ३०३ चा माल 'वॉटरप्रूफ' म्हणून बिनदिक्कत देतो. आणि बोल्टचं भोक नेहमी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा आणि मग त्यात हवं तेवढं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बहुतेक फळ्या सडायला लागतात त्या याच भोकापासून.

गंमत बघा, हे सगळं गोव्यात चाललंय. दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादई' २००९ साली नौदलाकडे गेली. तिचं अंगही लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काचेचं कापड यांचंच. तिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. २०२५ च्या फेब्रुवारीत इथेच 'कौण्डिण्य' पाण्यात उतरली. खिळ्याशिवाय, फळ्या काथ्याने शिवून केलेलं जहाज. तेव्हा आमच्या क्लबात पेढे वाटले. आपल्या पूर्वजांच्या कौशल्यावर एक भाषणही झालं. भाषण जिथे झालं तिथून वीस पावलांवर ही होडी पालथी होती. बाकी वक्त्यांचं ठीक आहे, पण मीही तो पेढा खाल्ला आणि गप्प बसलो, याची लाज वाटते म्हणून आज एवढं लिहितोय.

लहानपणी आमच्याकडे रापणीला जाणाऱ्या होड्या पावसाळ्याआधी काठावर ओढून झावळांखाली ठेवत. नंतर त्यांची डागडुजी व्हायची. फटीत कापूस ठोकायचे, बाहेरून माशाचं तेल चोपडायचे. तो वास चार दिवस वाड्यावरून हलायचा नाही. मोडलं म्हणून होडी टाकून दिलेली मी पाहिली नाही. तिचं लाकूड अगदीच गेलं तर उरलेल्या फळ्या डुकरांच्या खोपीला लागायच्या.

असो. फळीचे दोन्ही तुकडे मी क्लबातून घरी आणलेत. परवानगी मागितलेली नाही, पत्र टाकून कळवलं आहे. गोड्या पाण्याने तीनदा धुऊन मीठ काढलं आणि आता स्वयंपाकघराच्या माळ्यावर ते सुकताहेत. पाऊस पुरता थांबल्याशिवाय डिंकाला हात लावण्यात अर्थ नाही. मेस्त दिवाळीनंतर येतो म्हणालेत, येताना स्वतःचा रंधा आणणार आहेत. पोरांच्या घरीही निरोप धाडलाय की घासायला हात लागतील, सँडपेपर माझा.